फ्रिजवाल्याला संघात घ्या

ता. २ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. फोनवर रग्बीचा विषय काढायचा नाही, असा फतवा माझ्या लेकाने आणि तुमच्या लेकीने मिळून काढल्यापासून मी नुसती भिंतींशी बोलतेय. गेल्या रविवारचं आपलं भांडण म्हणे खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. गेलं असेल. पण तब्येतपाण्यावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? म्हणून हे पत्र. पत्राला फतवा लागू नाही, मी नीट विचारून घेतलंय. म्हणजे यांना विचारलं, आणि हे मला कधी नाही म्हणत नाहीत.

आधी वाईट बातमी सांगते. सूनबाई तुम्हाला सांगणार नाही, आणि मी सांगितलं हे तुम्ही तिला कळू द्यायचं नाही. क्लबच्या कमिटीने तिला बोलावून स्पष्ट सांगितलंय: आपला ‘रेडे’ संघ यंदा वरच्या गटात टिकला तर प्रशिक्षक तीच, खालच्या गटात घसरला तर तिला नारळ. आणि रेड्यांचं कसं चाललंय ते तुम्ही तिकडे बसून रेडिओवर ऐकताच आहात.

तुमच्या एसटी डेपोत तुम्ही तिच्यासाठी टाइमकीपरची खुर्ची धरून ठेवली आहे, हेही मला ठाऊक आहे. ती तिकडे आली की माझा लेक तिच्यामागोमाग येणार. त्याचं काम काय, लॅपटॉप मांडला की तिथे ऑफिस. मग इथे मला उरणार शिलाई मशीन आणि आमचे हे. तेव्हा रेडे टिकलेच पाहिजेत. मी संघाच्या जर्स्या शिवते, ते निराळं. हा घरचा प्रश्न आहे.

आता चांगली बातमी. मला खेळाडू सापडलाय. मंगळवारी नवा फ्रिज आला. लिफ्ट बंद. एकच माणूस, कमरेला पट्टा बांधून फ्रिज छातीशी धरून चौथ्या मजल्यावर आला आणि दारात उभा राहून विचारतो, "कुठे ठेवायचा?" मी म्हटलं स्वयंपाकघरात. हे म्हणाले पॅसेजमध्ये. झालं, आमचं जुंपलं. खिडकी, वारा, माझी भांडी, यांची व्यायामाची सायकल, सगळं निघालं. आणि हा बाबा फ्रिजला मिठी मारून उभा. मीच म्हटलं, "अहो, टेकवा ना जरा." तर म्हणाला, "नाही बाई. कुठे ठेवायचा ते ठरल्याशिवाय मी टेकवत नाही. टेकवून मग सरकवला की फरशीला ओरखडा येतो." शेवटी तात्पुरता म्हणून पॅसेजमध्ये ठेवला. इतका अलगद, की आवाज नाही.

मी लगेच टेप काढून त्याची मान मोजली. तो घाबरला, पण उभा राहिला. अशी मान रेड्यांत एकाची नाही. याला संघात घ्यायचाच. तुमचं काय मत, ते लौकर कळवा.

तुमची,
मुलाकडची विहीण

ता.क. सामन्याची शेवटची दहा मिनिटं मी अजूनही भिंतीकडे तोंड करूनच उभी राहते. मागच्या वेळी मोह झाला, वळले, आणि आपण हरलो.

*

ता. ९ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. नारळाची बातमी वाचून दोन गाड्यांना एकाच फलाटावर लावलं मी. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

फ्रिजवाल्याबद्दल स्पष्ट लिहिते. फ्रिज पळत नाही. फ्रिज अंगावर धावून येत नाही. फ्रिज पायात पाय घालत नाही. रोज फ्रिज उचलणाऱ्याला रग्बी येते, असं म्हणणं म्हणजे रोज बसने जाणाऱ्याला बस चालवता येते म्हणण्यासारखं आहे. असे लोक माझ्याकडे आठवड्याला दोन तरी अर्ज घेऊन येतात.

आपल्याकडे ढकलणारे आहेत, पळणारे नाहीत. इथल्या संघात एक पोरगा आहे, सगळे त्याला बाण म्हणतात. मी त्याला चारदा पाहिलाय. चेंडू हातात आला की मागचे लोक त्याच्या धुळीशी खेळतात. त्याला घ्या. मी क्लबच्या सेक्रेटरींना वेगळं पत्र टाकलंय.

आणि मुलगी माझी आहे म्हणून सांगते, बदली खेळाडू कधी पाठवायचा हे तिला अजून कळत नाही. ड्रायव्हरचे डोळे जड दिसले की मी त्याला खाली उतरवते, मग तो कितीही नाही म्हणो. ही दमलेल्याला म्हणते, "अजून एक फेरी मार, राजा." तुम्ही तिला हे सासू म्हणून सांगा. माझं ऐकत नाही.

खुर्ची मी धरली आहे, खरं आहे. आईने नाही धरायची तर कुणी? तुम्ही तिला ओळखता ती शिट्टी गळ्यात घातलेली. मी ओळखते ती चौदाव्या वर्षी पुढचा दात मुठीत घेऊन घरी आलेली आणि "आई, आपण जिंकलो" म्हणणारी. मोसम संपेपर्यंत खुर्ची रिकामी राहील, त्यानंतर वरून माणूस पाठवतील.

तुमची,
मुलीकडची विहीण

ता.क. फ्रिज स्वयंपाकघरातच ठेवायला हवा होता. व्याह्यांचं तुम्ही फार ऐकता.

*

ता. १ मार्च

विहीणबाई,

तुमचा बाण आला आणि सुटलाही. आता कसा सुटला ते ऐका.

शनिवारचा सामना. आपण दोन गुणांनी मागे. बाणाला चेंडू मिळाला आणि काय पळाला म्हणता, त्याच्या जर्सीची मी घातलेली शिवण उसवेल की काय वाटलं मला. सगळे मागे पडले. गोललाइन ओलांडली. आता फक्त चेंडू जमिनीला टेकवायचा, की ट्राय. शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण बाण टेकवेना. दोन्ही हात वर, चेंडू डोक्यावर, प्रेक्षकांकडे बघत हसतोय, पळतोय, आणि पळत पळत मागची लाइनही ओलांडून थेट बाहेर, सरबतवाल्याच्या टेबलापर्यंत. ट्राय नाही. गुण नाही. हरलो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथे शेपूट पण मुद्दाम नाचवत बाहेर नेलं.

फ्रिजवाल्याला मी मैदानावर नेला. सूनबाई आधी हसली, मग म्हणाली, "आलेत तर बघू या, आई." त्याला सांगितलं, समोरून येणाऱ्याला अडवून पाडायचं. त्याने समोरच्याला मिठीत घेतलं, उचललं, आणि बाजूला नेऊन सरळ उभं केलं. वर म्हणाला, "लागलं नाही ना?" तो खेळाडू म्हणाला, "नाही, थँक्यू." सगळे गडाबडा लोळले. पण ढकलाढकलीत त्याच्यासमोर आठ जण सरकले, तेव्हा कुणी हसलं नाही. सूनबाईने त्याला ठेवून घेतलंय.

आता रागावू नका. माझ्या मनात आलं की ओठांवर येतंच. रेडे घसरले तर पोरगी तुमच्याकडे. बाण तुमच्या गावचा. शिफारस तुमची. मी काही म्हणत नाही. मी नुसती तीन कापडं शेजारी शेजारी ठेवून रंग बघतेय.

तुमची,
मुलाकडची विहीण

*

ता. ६ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

आपले पत्र पोचले. यापुढे प्रकृतीची चौकशी फोनवर करू. आमची प्रकृती उत्तम आहे.

कळावे.

*

ता. २३ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र म्हणजे पत्र नव्हतं, डेपोच्या भिंतीवरची सूचना होती. पण मला तसंच मिळायला हवं होतं. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. जीभ आणि कात्री दोन्ही चालवण्याआधी मापं घ्यावीत, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगते आणि स्वतः विसरते. मला भीती वाटते, विहीणबाई. दोघं गेली तर घरात मी कुणाशी भांडू? हे तर भांडतच नाहीत, नुसतं पॅसेज म्हणतात. चूक झाली, माफ करा.

आणि तुमचा बाण खरा निघाला. सूनबाईने त्याला बजावलं, "लाइन ओलांडली की आधी लोटांगण, मग नाच." दोन सामने झाले, पठ्ठ्याने तीन लोटांगणं घातली. दोन्ही जिंकलो. तो तुमच्याच पसंतीचा, हे मी क्लबभर सांगत फिरले. यांनी तर सांगितलं की त्यांनाही आधीपासून तसंच वाटत होतं.

फ्रिज आता दुसऱ्या फळीत खेळतो. हो, आता त्याला सगळे फ्रिजच म्हणतात, त्यालाही आवडतं. स्क्रममध्ये, म्हणजे त्या ढकलाढकलीत, तो लागला की समोरची भिंत मागे जाते. फक्त एक खोड जात नाही. ज्याला उचलला त्याला तो कुठेतरी अलगद ठेवतोच. परवा सरावात काय झालं, समोरचा चेंडू घेऊन आपली लाइन ओलांडून आत घुसला. फ्रिजने त्याला वरच्यावर पकडला. वाचलो म्हणेपर्यंत याने त्याला चेंडूसकट, बाळ पाळण्यात निजवावं तसा खाली ठेवला. चेंडू टेकला. ट्राय त्यांचा. सूनबाईने डोक्याला हात लावला. म्हणाली, "अहो, ठेवायचं नसतं." तो म्हणतो, "मॅडम, उचललेलं ठेवल्याशिवाय हात सुटत नाहीत माझे."

शेवटचा सामना बारा एप्रिलला आहे. जिंकलो तर टिकलो, हरलो तर घसरलो, मधलं काही नाही. तुम्ही या. माझ्या शेजारी बसा. मी दहा मिनिटं भिंतीकडे बघेन तेव्हा काय चाललंय ते सांगायला कुणीतरी हवंच.

तुमची,
जीभ चावलेली विहीण

*

ता. ३० मार्च

विहीणबाई,

राग गेला. खरं तर आठव्या दिवशीच गेला होता, पण इतक्या लौकर कळवलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की आला नव्हता.

तुम्ही जे लिहिलंत ते मला झोंबलं, कारण ते साफ खोटं नव्हतं. बाण मी खऱ्या मनाने सुचवला, ते आईशपथ. पण त्या शनिवारी रेडिओवर आपण हरल्याचं ऐकलं, मला वाईट वाटलं, आणि पाठोपाठ मनात आलं, तिच्या खोलीतली गादी उन्हात घालायला हवी. रेडे हरले आणि मी गादीचा विचार करतेय. तीस वर्षं ज्या संघासाठी घसा फोडला त्याच्याशी अशी बेइमानी. मग मी गादी उन्हात घातली नाही. आता तिला वास येतोय, पण असू दे.

बारा तारखेला मी येते. पण लेकीला सांगायचं नाही. मी समोर दिसले की ती लहानपणी चुकीच्या बाजूला पास द्यायची. तुमच्या शेजारीही बसणार नाही. आपण दोघी एका बाकावर बसलो तर पंचांना खेळ थांबवावा लागेल. मी गोलखांबांच्या मागे उभ्याचं तिकीट काढते. तिथून गाड्या येताना समोर दिसतात. म्हणजे खेळाडू.

फ्रिजवाल्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण त्याला काढू नका म्हणावं, आठ जण मागे सरकवणारा माणूस रिकामा बसवत नाहीत.

तुमची,
मुलीकडची विहीण

ता.क. दमलेल्याला वेळेवर बाहेर काढ, एवढं तिला सांगाच. माझं नाव न घेता.

*

ता. १४ एप्रिल

विहीणबाई,

टिकलो. टिकलो. टिकलो. तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी तीनदा लिहिणार, माझी शाई आहे.

आता मला सांगा, झालं काय? मी भिंतीकडे तोंड करून उभी. भिंतीवर एक पाल होती, तिच्याशी माझी चांगली ओळख झाली. मागे आरडाओरडा, आरडाओरडा, आणि एकदम सगळं मैदान चिडीचूप. मग कुणीतरी ओरडलं. काय ओरडलं ते नीट कळलं नाही, पण असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, पालही पडली. मग शिट्टी, आणि मग सगळे माझ्या अंगावर.

तेव्हापासून जो तो निराळंच सांगतो. लेक सांगायला लागला की हसून मध्येच थांबतो. बाण म्हणतो, तो लोटांगण घालून बसला होता, त्याने पाहिलं नाही. फ्रिजला विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाइकाने सांगितलं तसं केलं." आणि आमचे हे अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलेत की ओरडले ते स्वतः. पुरावा म्हणून घसा बसलाय. गरम पाणी मी देतेय. माझा विश्वास बसत नाही. हा माणूस लिफ्टमध्ये अडकला होता तेव्हा "कुणी आहे का" सुद्धा हळूच म्हणाला होता.

आणि तुम्ही कुठे गायब झालात? संपल्यावर मी गोलखांबांमागे धावत आले, तर तुम्ही नाही. आला होतात की नाही? सगळं लिहा. फोनवर विचारलं तर तुम्ही प्रकृती उत्तम म्हणून ठेवून दिलात.

तुमची,
नाचून गुडघा दुखवून घेतलेली विहीण

*

ता. १९ एप्रिल

विहीणबाई,

आले होते. सगळं लिहिते.

आपण चार गुणांनी पुढे. वेळ संपलेली, फक्त चालू खेळ थांबायचा बाकी. तिने दोघा दमलेल्यांना वेळेवर काढलं होतं, हे मी पाहिलं. तुम्ही सांगितलंत वाटतं. तेवढ्यात त्यांचा तो दाढीवाला, कपाटाएवढा, चेंडू बगलेत मारून निघाला. एकाला उडवलं, दुसऱ्याला उडवलं, आणि लाइन ओलांडून थेट माझ्यासमोर. फक्त खाली पडायचं होतं त्याला. चेंडू टेकला असता, पाच गुण त्यांचे, आणि रेडे घसरले असते.

तो पडला नाही. फ्रिजने त्याला समोरून मिठीत घेतला आणि उचलला. कपाट अधांतरी. मैदान गप्प. तुम्हाला ऐकू आलं ते तेच.

आणि मग तुमचा फ्रिज इकडेतिकडे बघायला लागला. मी दहा पावलांवर होते, मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो जागा शोधत होता, विहीणबाई. त्याने खरंच विचारलं, माझ्याकडे बघून, "कुठे ठेवायचा?" आणि विचारता विचारता त्याचे गुडघे वाकायला लागले.

त्या क्षणी मला काय दिसलं ते सांगते, कारण तुम्हाला सांगायला हवं. मला ती गादी दिसली. ती खुर्ची दिसली. संध्याकाळी ड्यूटी संपवून माझी मुलगी आणि मी एका छत्रीतून घरी येतोय, ते दिसलं. मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात कुणाचा काही दोष निघत नाही.

आणि पुढे कडेच्या रेषेवर ती उभी होती, शिट्टी दातांत धरून, त्या पडलेल्या दाताच्या फटीत.

पंचवीस वर्षं मी माइक बंद असताना गाड्या थांबवल्या आहेत. मी ओरडले, "थांबा, कुठे ठेवायचा ते अजून ठरलं नाही."

त्याचे गुडघे सरळ झाले. म्हणाला, "बरं बाई." आणि उभा राहिला. दाढीवाला पाय झाडतोय, दोघंतिघं लोंबकळतायत, आणि हा तुमच्या दारात उभा राहिला होता तसा उभा. पंच वाकून बघून गेले, चेंडू टेकलेला नाही, वाजवली शिट्टी. त्यानंतरही त्याने त्याला सोडला नाही. मला येऊन सांगावं लागलं, "आता ठेवा." मग ठेवला. अलगद.

मी लगेच निघाले, कारण मला रडू येत होतं आणि ते कुणी बघावं असं वाटत नव्हतं. जाताना एकदा वळून पाहिलं. सगळे तिला खांद्यावर घेत होते आणि ती गोलखांबांकडे बघत होती.

खुर्चीवर सोमवारी दुसरी मुलगी आली. कामाला चांगली आहे. रग्बीतलं काही कळत नाही तिला.

व्याह्यांना यातलं काही सांगू नका. घसा बसवून घेतलाय त्यांनी, श्रेय राहू दे त्यांच्याकडे.

फ्रिजवाल्याबद्दलचं माझं मत बदललं आहे.

तुमची,
मुलीकडची विहीण

*

ता. २४ एप्रिल

विहीणबाई,

पत्र वाचून मी मशीनवरच डोकं टेकून हसले आणि मग रडले, त्यात एका जर्सीची बाही उलटी शिवली गेली. ती बाणाला देते, त्याच्या लक्षात येणार नाही.

तुमचं गुपित मी कुणाला सांगितलं नाही. पण काल सूनबाईला सहज विचारलं, "काय गं, तो आवाज कुणाचा होता?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्या आवाजाने मी दहावीपर्यंत रोज अंथरुणातून उठलेय." म्हणजे तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, मग फोनवर बोलली का नाहीस? तर म्हणाली, "फोनवर रग्बी काढायची नाही ना." आणि मग बराच वेळ तिने एकच शेंग निवडली.

यांना काही कळलेलं नाही. काल वाण्याकडे पुन्हा ओरडून दाखवलं. वाणी म्हणाला, जरा मोठ्याने.

पुढच्या मोसमात कुणाला घ्यायचं, यावर माझ्याकडे दोन नावं आहेत. एक पियानो हलवणारा आहे. पण ते सविस्तर लिहीन, तुम्ही आधी चिडायची तयारी ठेवा. आमचा फ्रिज अजून पॅसेजमध्येच आहे. फ्रिजवाला जातायेता विचारतो, ठरलं का? मी म्हणते, नाही अजून.

तर आता महत्त्वाचं. मोसम संपला. कमिटीने तिचं पद कायम केलं आणि सुट्टी दिली. शनिवारच्या सकाळच्या बसने ती तुमच्याकडे येतेय, एकटी, महिनाभर. लेकाला मी ठेवून घेतलंय, मला भांडायला कुणी नको का? गादी आजच उन्हात घाला. तिचं खाणंपिणं बघा, दमली आहे ती, अजून एक फेरी मारायला लावू नका. बदली खेळाडूंवरून पोटभर भांडा.

अलगद उतरवून घ्या, आणि महिन्याने ओरखडा न येता परत पाठवा. पोचपावतीवर सही मी करते.

तुमची,
मुलाकडची विहीण